डाग काढलेला लिफाफा

माझे वडील संत्र्याचे अडते होते, आणि अडत्याच्या घरात कुठल्याही वस्तूचा भाव दुसराच कोणीतरी बोलतो, हे मी पाटी-पेन्सिल हातात यायच्या आधी शिकले. पांढुर्ण्याला स्टेशनच्या अंगाला आमचं घर, घरापुढे घरापेक्षा मोठं अंगण, आणि हंगाम असला की त्या अंगणात रोज सकाळी हर्रास. लिलाव हा शब्द मला फार उशिरा पुस्तकात भेटला. उजाडायच्या सुमारास मोहगाव, रामाकोना, बोरगावकडून गाड्या यायच्या, संत्र्यांचे ढीग तणसावर ओतले जायचे, आणि घरातल्या बाया ओली फडकी घेऊन ढिगाभोवती बसायच्या. एकेक फळ पुसायचं. माती काढायची, देठाजवळची काजळी काढायची, आणि ज्याच्यावर डाग निघणार नाही ते ढिगाच्या पोटात ढकलायचं. बाबांचं एकच पालुपद असे, ‘डाग दिसला का भाव पडला.’ मग व्यापारी यायचे, रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उकिडवा बसून नुसता त्या रुमालाकडे पाहत राहायचा. माझी अर्धी शाळा त्या पुसण्यात गेली. सालीचं तेल नखांत जायचं, आणि वर्गात शेजारची मुलगी नाक मुरडून सरकून बसायची.

घर आवाजाचं होतं. पेट्या ठोकणाऱ्यांचे हातोडे, मालगाडीची शिट्टी, आणि या सगळ्यावर बाबांचा आवाज. ते रागावलेले नसले तरी ओरडूनच बोलायचे, कारण अंगणात तसंच बोलावं लागतं. घरात आल्यावर आवाज उतरवायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? आई इतकी हळू बोलायची की तिचं ऐकायला चुलीपाशी जाऊन बसावं लागे. व्यापारी जेवायला असले की ती पाटोडीचा रस्सा करायची, झणझणीत, वर लाल तवंग; नसले की भाकर, आंबट चुका आणि ठेचा. आम्हाला रस्सा मिळायचा तो उरला तर. माझ्याबद्दल घरात एकच तक्रार होती, की पोट्टी लय वाचते. शिक्षण सगळं हिंदीत झालं, कारण आम्ही मध्य प्रदेशात. घरात मराठी आणि फळ्यावर हिंदी. मला नागपूरला जायचं होतं. मुलींच्या वसतिगृहात राहून इतिहासात एम.ए. करायचं होतं, आणि तेही मराठीत. पांढुर्ण्याहून नागपूर गाडीनं दोन-अडीच तासांवर, पण आमच्या घरातून ते विलायतेइतकं लांब होतं. आजही हे लिहिताना माझी ऱ्हस्व-दीर्घाची धांदल उडते आणि मुलगी तपासून देते. तिला वाटतं आईला हौस आहे. असू दे.

टपालाच्या तिकिटांचा नाद मला सौसरला लागला. तिथे माझी मावशी राहायची आणि काकांचं किराण्याचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जायची तेव्हा माझ्याकडे पुड्यांचं काम असायचं. काका रद्दी किलोवर घ्यायचे आणि मावशी खळ शिजवून द्यायची. मी कागद कापून, चिकटवून, हळद-तिखटाच्या पुड्यांची चळत लावायची. एका उन्हाळ्यात गावाबाहेरचं कापसाचं जुनं जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, पाडलं गेलं आणि त्याच्या कचेरीतले कागद पोत्यांनी काकांच्या दुकानात आले. बहुतेक वाळवीनं खाल्लेले. त्यात सुतळीनं बांधलेला पत्रांचा एक गठ्ठा होता, वाळवीनं का सोडला देव जाणे. कापूस विकत घ्यायला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणी अमेरिकन साहेब या भागात आला होता, त्याच्या नावची पत्रं. तो गेला, त्याची कचेरी जिनिंगवाल्यांनी घेतली, आणि कागद कपाटात तसेच पडून राहिले. मी कात्री हातात घेऊन पहिला लिफाफा उलटा केला आणि थांबले. त्यावर निळ्या-लाल रंगाचं तिकीट होतं, जरा तिरपं लावलेलं. मधोमध ढाल, ढालीवर पंख पसरलेला गरुड, दोन्ही बाजूंना झेंडे. आणि गरुडाच्या छातीवर काळ्या शाईचा एक ओबडधोबड तारा. मी काकांना म्हटलं, हा गठ्ठा मला द्या. ते म्हणाले, ‘घे नं बाप्पा, रद्दीच तं होय.’

तो गठ्ठा मी मेश्राम बाबूंकडे नेला. मावशीच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर होतं. टपालखात्यात पत्रं निवडता निवडता ते निवृत्त झाले होते. घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली स्वच्छ सारवलेली ओटी, आणि एका लोखंडी पेटीत जगभरची तिकिटं. त्यांना बायको नव्हती, म्हणजे लवकर गेली होती, आणि मुलगी लग्न होऊन भोपाळला. त्यांनी भिंग लावून तो लिफाफा पाहिला. मग उठून हात धुऊन आले, हात कोरडे केले, आणि पुन्हा पाहिला. ‘सुमन, हे कोठी भेटलं तुले?’ मला सुमन म्हणणारे ते एकटेच. बाकी सगळ्यांना मी सुमी. त्यांनी तिकीट उजेडापुढे तिरपं धरून मला कागदावरची जाळी दाखवली. बारीक बारीक टोकं, चाळणीसारखी दाबलेली. अमेरिकेच्या टपालखात्याला त्या काळी भीती होती, त्यांनी सांगितलं, की लोक वापरलेलं तिकीट धुऊन, शाई काढून पुन्हा लावतील. म्हणून काही वर्षं त्यांनी तिकिटांवर ही जाळी उमटवली, की शाई कागदाच्या आत मुरावी आणि धुऊनही निघू नये. आणि तो तारा म्हणजे शिक्का. तिकडचे गावोगावचे पोस्टमास्तर बाटलीचं बूच घेऊन चाकूनं स्वतःच शिक्का कोरायचे, कोणी तारा, कोणी पान, कोणी नुसत्या फाका. ‘असा तारा म्या कोण्या पुस्तकात पाह्यला नाही,’ मेश्राम बाबू म्हणाले. तिकीट चांगलंच होतं, पण तिकीट, तारा, लिफाफा आणि हिंदुस्थानात पोचल्याचा मागचा ठप्पा, हे सगळं एका जागी जसंच्या तसं असणं, यातच त्याची किंमत होती.

पुढची तीन वर्षं मी सौसरला पुड्या करायला कमी आणि मेश्राम बाबूंकडे जास्त गेले. मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या हर्रासीची छापील यादी त्यांच्याकडे पोस्टानं यायची. आम्ही दोघं ती यादी पंचांगासारखी वाचायचो. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन तिकिटं त्यात दोन-चारच असायची, आणि त्यांच्यासमोरचे अंदाजे भाव पाहून आम्ही हसायचो. पत्रानंही बोली लावता येते हे मला तेव्हा कळलं. राखीचे आणि दिवाळीचे पैसे साठवून मी दोनदा बोली पाठवली, अगदी साध्या मालावर, एकाचा कोपरा दुमडलेला, दुसऱ्याच्या कडेचा दात तुटलेला, आणि दोन्हीदा माल माझ्या नावावर आला. पोस्टमन माझ्या नावाचं पाकीट घेऊन अंगणात आला तेव्हा बाबांनी ते उन्हात धरून पाहिलं आणि विचारलं, ‘याच्यात काय होय?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘डागी माल घेतला तू.’ हे ते गमतीनं म्हणाले आणि मीही हसले. माझं वय विशीच्या आतबाहेर होतं आणि बाबांना माझ्या एखाद्या गोष्टीत रस आहे याचंच मला अप्रूप वाटलं होतं.

बी.ए.ची शेवटची परीक्षा झाली आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. मी एका दुपारी धीर करून बाबांना नागपूरचं सांगितलं. ते नाही म्हणाले. तरणी पोरगी परक्या गावी ठेवायची, वर तिच्यावर खर्च करायचा, आणि शेवटी ती जाणार लोकांच्या घरी. मग मी लिफाफ्याचं सांगितलं. मेश्राम बाबूंनी मुंबईवाल्याला त्याचं वर्णन लिहून पाठवलं होतं. तो महिन्याभरानं नागपूरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये हर्रास लावणार होता. त्यानं लिफाफा यादीत घातला होता आणि माल त्या दिवशी सकाळी घेऊन या असं कळवलं होतं. मी यादीतला अंदाजे भाव बाबांना वाचून दाखवला. त्यांनी यादी मागितली, माझं बोट जिथे होतं तिथे आपलं बोट ठेवलं, आणि आकडा पुन्हा स्वतः वाचला. हर्रास म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. ‘ठीक हाय,’ ते म्हणाले. ‘ज्याचा माल त्याचा पैसा. तुह्या मालाची हर्रास झाली तं जाय नागपूरले. म्या शब्द देल्ला.’ बाबांचा शब्द पांढुर्ण्याच्या मंडीत रोखीसारखा चालायचा. मी त्या दिवशी आईच्या गळ्यात पडून रडले, आनंदानं, आणि आई म्हणाली, ‘हळू, बाहेर माणसं हायेत.’

हर्रासीच्या आठवडाभर आधी मेश्राम बाबू लिफाफा घेऊन स्वतः आमच्याकडे आले. इतकी वर्षं तो त्यांच्याच पेटीत होता. बाबांनी त्यांना अंगणातल्या खाटेवर बसवलं. आईनं चहा दिला तो मजुरांच्या कपात, ज्याचा कान तुटलेला होता. मला तो कप दिसला. मी काही बोलले नाही, आणि हे लिहिताना ते मी लपवणार नाही. मेश्राम बाबूंनी चहा घेतला आणि कप स्वतः विसळून ठेवला. मग बाबांना म्हणाले, ‘शेठजी, एकच सांगणं हाय. याले कोणी हात लावू नका. पाणी नाही, हवा नाही, काहीच नाही. हाय तसंच जाऊ द्या.’ बाबांनी मान डोलावली. मेश्राम बाबू फाटकाबाहेर पडल्यावर बाबा मला म्हणाले, ‘वीस वर्ष झाले माल विकून राह्यलो. आता थो मले शिकवन का माल कसा ठेवाव लागते?’ त्या ‘थो’वर जोर होता. मेश्राम बाबूंच्या जागी दुसऱ्या कुठल्या जातीचा निवृत्त बाबू असता तर बाबांनी त्याचं ऐकलं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं. मी तरीही म्हटलं, ‘बाबा, खरंच हात नका लावजा.’ ते म्हणाले, ‘हो वं, समजलं.’

उन्हाळा होता, मृग बहाराच्या संत्र्यांचा हंगाम संपला होता, अंगणात रिकाम्या पेट्यांची थप्पी सोडून काही नव्हतं. बाबांना फुरसत होती, तेच नडलं. हर्रासीच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून टी.सी. आणायला गेले. नागपूरला प्रवेश घ्यायचा तर ते लागणार होतं. तिथला कारकून जागेवर नव्हता, मग प्राचार्यांची सही नव्हती. घरी यायला पाच वाजले. ओसरीवर बाबा मांडी घालून बसले होते, चष्मा नाकावर, समोर पितळेची परात. परातीत रिठ्याचं फेसाळ पाणी. शेजारी रॉकेलची वाटी, कापसाचे बोळे, आणि खळीची वाटी. आई दारात उभी होती. बाबांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. इतका फुललेला मी तो क्वचित पाहिला होता. ‘ये, पाह्य,’ ते म्हणाले. ‘नव्यासारखा करून ठेवला.’

ते सगळं त्यांनी मला अभिमानानं सांगितलं, म्हणूनच मला ते इतकं तपशिलानं माहीत आहे. लिफाफा मळकट होता म्हणून त्यांनी तो रिठ्याच्या पाण्यातून काढला, तेव्हा तिकीट सुटून आलं. बरंच झालं, ते म्हणाले, कारण ते तिरपंच होतं. मग काळा डाग. तो पाण्यानं जाईना. जाळीनं शंभर वर्षांनीही आपलं काम इमानानं केलं होतं. शाई आत मुरली होती. म्हणून बाबांनी रॉकेलचा बोळा घेतला आणि घासत राहिले, हळूहळू, जसं नाजूक सालीचं फळ पुसतात तसं, तारा जाईपर्यंत. ताऱ्याबरोबर गरुडाची छाती गेली होती. तिथे नुसता पांढुरका, तंतू निघालेला कागद उरला होता. मागचा ठप्पाही पुसून टाकला होता, कारण तो घाण दिसत होता. मग खळ लावून तिकीट सरळ चिकटवलं, फडकं ठेवून त्यावरून इस्त्री फिरवली, आणि दाबली गेल्यामुळे उरलीसुरली जाळीही सपाट झाली. ‘एक डाग नाही ठेवला,’ बाबा म्हणाले. ‘आता पाह्य कसा भाव येते.’

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. एवढं आठवतं की बाबांना खरंच काही कळलं नाही. त्यांचा चेहरा आधी गोंधळला आणि मग चिडला. मी आईकडे वळले. ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘म्या रिठे भिजवून देल्ले. मले वाटलं त्यायनं तुले पुसलं असन.’ आमच्या घरात कोणी कधी मला काही विचारलं होतं, की तिला असं वाटावं?

बाबांनी हे मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मला नागपूरला जाऊ द्यायचं नाही म्हणून नासवलं, असं असतं तर मी त्यांचा सरळ द्वेष केला असता आणि मोकळी झाले असते. पण त्यांनी माझं भलं करायला ते धुतलं. दुपारचं जेवण झाल्यावर डुलकी न घेता बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मालाला, एखाद्या शेतकऱ्याच्या मालाला लावावा तसा, स्वतःचा हात लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो, कारण बाबांना अजून खात्री होती. मेश्राम बाबू सौसरहून बसनं येऊन हॉटेलच्या पायऱ्यांवर थांबले होते, धुतलेला सदरा घालून. मी त्यांना लिफाफा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, ‘मी माह्याकडंच ठेवाले पायजे होतं सुमन. मी देल्लं, माही चूक झाली.’ त्या सगळ्या प्रकारात चूक झाली असं म्हणणारा तो एकच माणूस, आणि चूक त्याची नव्हतीच.

आत मुंबईचे गृहस्थ टेबलाशी बसले होते. त्यांनी लिफाफा पाहिला आणि वर बघत विचारलं, ‘हे कोणी केलं?’ बाबा पुढे झाले. ‘म्या केलं. डाग होते, काढले.’

‘अहो, डाग कसले? तो शिक्का होता.’

‘शिक्का गेला तं माल नवा झाला नं? मंग नव्या मालाले भाव जास्त का कमी?’ बाबा अंगणातल्या आवाजात बोलत होते. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग आणखी दोघं-तिघं. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं की शिक्का गेला, जाळी गेली, तिकीट मूळ जागी राहिलं नाही. आता हे बोलीवर ठेवलं तर लोक म्हणतील मी बनावट माल विकतो. बनावट हा शब्द ऐकल्यावर बाबांचं तोंड उतरलं. त्यांच्या अंगणात तो शब्द कोणी काढला असता तर मारामारी झाली असती. तरी ते निघायला तयार नव्हते. नंबर येईपर्यंत बसू म्हणाले. आम्ही तिघं भिंतीलगत बसलो. लोक छापील आकड्यांचे पुठ्ठे वर करत होते, रुमाल-बिमाल काही नाही, सगळं उघड्यावर. माझा नंबर आला तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, ‘हा माल मागे घेतला आहे,’ आणि पुढच्या नंबरावर गेले. मला वाटतं सगळं मिळून चार सेकंद लागले असतील.

परतीच्या गाडीत बाबांनी आईनं दिलेली तिखट पुऱ्यांची पुडी सोडली. खाता खाता म्हणाले, ‘लुच्चे लोक होत. खायचे दात अलग, दाखवाचे अलग.’ मी खात नव्हते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. आमच्या अडतीचा एक नियम होता आणि त्या नियमावर बाबांचं नाव चालत होतं: शेतकऱ्याचा माल अडत्याच्या हातून नासला तर अडत्यानं तो भरून द्यायचा. एकदा रामाकोन्याच्या एका माणसाचा ढीग आमच्या अंगणात भिजला, ताडपत्री टाकायला बाबा विसरले म्हणून; बाबांनी त्याला त्या दिवसाचा पूर्ण भाव दिला, त्यानं मागायच्या आधी. मी गाडीत विचारलं, ‘बाबा, शेतकऱ्याचा माल तुमच्या हातून नासला असता तं?’

‘भरून देल्ला असता.’

‘मंग माह्या मालाचं?’

त्यांनी नजर चुकवली नाही, हे मी आवर्जून सांगते. पुरीचा घास हातात धरून त्यांनी माझ्याकडे सरळ, खऱ्या आश्चर्यानं पाहिलं आणि म्हणाले, ‘तू का शेतकरी होय वं? तू तं घरची होय.’

मग त्यांनी घास तोंडात घातला आणि मला एक पुरी दिली. हर्रास झाली नाही, म्हणजे शब्दही उरला नाही. त्यांच्या हिशेबी ते संपलं होतं. पैसा नव्हता असं म्हणाल तर तसंही नव्हतं. हंगाम चांगला गेला होता, त्याच उन्हाळ्यात अंगणात फरशी बसली. नागपूरच्या प्रवेशाची तारीख आली आणि गेली, टी.सी. माझ्या पुस्तकात पडून राहिलं. दिवाळीनंतर माझं लग्न झालं, सौसरलाच. नवरा तहसीलमध्ये कारकून, भला माणूस, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मेश्राम बाबू माझ्या लग्नाला आले आणि बाबांशी न बोलता परत गेले. चारेक वर्षांनी ते वारले. हल्ली मी मोबाइलवर अमेरिकेतल्या हर्रासी बघते. गरुड आणि ढालीचं ते तिकीट लिफाफ्यावर कधीतरी येतं, त्याला काय भाव जातो तेही दिसतं. बोली मी लावत नाही. तो तारा मात्र मला अजून कुठे दिसलेला नाही.

मला सगळ्यात जास्त झोंबलं ते यानंतरचं. बाबांनी त्या गोष्टीचा किस्सा केला. बारसं असो, तेरवी असो, चार माणसं जमली की ते आपल्या मोठ्या आवाजात सुरू व्हायचे, ‘आमच्या सुमीचं तिकीट म्या धुतलं, तं पोट्टी तीन दिवस जेवली नाही!’ लोक पोट धरून हसायचे. हॉलमधला अपमानही ते रंगवून सांगायचे, फक्त त्यात मूर्ख ठरायचा तो मुंबईवाला. मी तिथेच पंगतीत वाढायला असायची. हसणाऱ्यांना भाजी वाढायची. माझी मुलगी मोठी झाल्यावर तिनं एकदा विचारलं, ‘आई, आजोबांची ती गंमत खरी आहे का गं?’ मी हो म्हटलं.

बाबा शेवटचे अकरा महिने माझ्याकडे होते. आई आधीच गेली होती. माझा एक भाऊ नागपूरला असतो, पण त्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचं मन रमेना. तो मोठा आवाज पार बसला होता. ओठांजवळ कान नेल्याशिवाय शब्द कळत नसत. मी त्यांचं सगळं केलं. अंघोळ, औषध, अंथरूण. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, लेक असावी तर अशी. एका दुपारी मी पेज भरवत असताना त्यांनी मान बाजूला केली आणि म्हणाले, ‘सुमे, थे तिकीट... म्या तुले...’ आणि थांबले. डोळे भरले होते. हा किस्सा नाही, हे मला लगेच कळलं. चाळीस वर्षं मी त्या वाक्याची वाट पाहिली होती, आणि ते येतंय असं दिसल्याबरोबर माझ्या आत काहीतरी दगड झालं. मी म्हटलं, ‘बाबा, पेज थंडी होऊन राहिली. आ करा.’ त्यांनी आ केला. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा सुरुवात केली, मी पुन्हा चमचा पुढे केला. त्यांना बोलून हलकं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवलं होतं. दुसरं काही नाव देत नाही, तो सूड होता. तिसऱ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं. इतकी ताकद त्यांच्यात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी मनगट सोडवून घेतलं आणि म्हटलं, गॅसवर दूध आहे, उतू जाईल. गॅसवर काही नव्हतं. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेरच्या खोलीतून त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं, शब्द लागत नव्हते, आणि ते थांबेपर्यंत मी बाहेर गेले नाही.